चौकटीवरचं चौथं अक्षर

पत्र

"वडिलांचं जुनं घर आम्ही उतरवतोय. पाडायचं की ठेवायचं यावर दोन वर्षं वाद चालला होता. मग भिंतीला टेकू द्यायची वेळ आली आणि वाद आपोआप मिटला. मी निवृत्त, बाकीच्यांना वेळ नाही, म्हणून कामावर लक्ष ठेवायला मी असते. मागच्या आठवड्यात मधल्या खोलीचा गिलावा काढताना विटांनी बुजवलेलं एक दार निघालं. पलीकडच्या खोलीत त्याच जागी भिंतीतलं कपाट होतं, लहानपणी आम्ही तिथे वह्या ठेवायचो. ते कपाट म्हणजे दाराचं अर्धं पोट होतं, हे आत्ता कळलं. ती खोली लग्न होईपर्यंत आत्याची होती.

कपाटाच्या फळ्या काढल्यावर आतली चौकट दिसली. तिच्या एका बाजूला पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलांची उंची मोजतात तशा. प्रत्येक रेघेपुढे एक अक्षर. वडील, काका आणि आत्या यांची अक्षरं ओळखता आली. काका आणि आत्यांच्या रेघा अगदी खालपासून आहेत, वडिलांच्या तीन फुटांच्या थोड्या खालून सुरू होतात. चौथं अक्षर कुणाचंच नाही. त्याच्या चारच रेघा, सगळ्यात वरची फरशीपासून अडीच फुटांवर. पुढे काही नाही. चौकटीचे पाय फरशीच्या खाली चार इंच गेलेत, तिथे जुनी जमीन लागली. चुलतभावानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि एका संध्याकाळीत सगळ्यांनी ठरवून टाकलं: घरात एक मूल होतं, ते वर्षाचं होऊन गेलं, आणि आजीला ते दार बघवेना म्हणून बुजवलं.

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीमागे एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुतळीनं बांधलेली पत्रं आहेत, वरच्या पाकिटावर आत्याचं माहेरचं नाव. चुलतभाऊ म्हणतो, उघड, उत्तर त्यातच असणार. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, मुलाकडे असते. फोटो पाहून तिनं फोन केला, 'ते दार तसंच असू द्या' एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. कंत्राटदार म्हणतो, मशीन लावलं तर दोन दिवसांत जागा मोकळी. भाऊही तेच म्हणतो, लाकूड त्याला विकायचंय. मी काम थांबवलंय. थांबवून करायचं काय, ते मात्र सुचत नाही."

— दारापाशी थांबलेली

उत्तर

काम थांबवलंत हे बरं केलंत, पण सगळं घर थांबवून धरू नका. रोजावर आलेली माणसं बसून राहिली की चौथ्या दिवशी तुमच्यावर दबाव येईल आणि मग घाईत नको ते होईल. ती एक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंचा चार-चार फुटांचा पट्टा सोडा, बाकी चालू द्या. एक मात्र गवंड्याला विचारा, त्या भिंतीवर तुळया टेकल्या आहेत का? असतील तर वरचा भार उतरेपर्यंत बुजवलेल्या भागाची एकही वीट काढायची नाही. घर उतरवताना क्रम बांधकामाच्या उलटा असतो, शेवटी बसलेलं आधी निघतं. दाराची पाळी तशीही उशिरा येणार आहे. तेवढा वेळ तुमचा.

माझ्या टेबलावर एक बिजागरी आहे. आजोबांच्या घराची. ते घर मशीननं दीड दिवसात पाडलं. मी पोचलो तेव्हा समोर ढीग होता, आणि त्यातून हाताला लागली ती ही. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली कसलासा तांबूस रंग. घराला अकरा दारं होती. यातल्या कुठल्या दाराची ही, ते मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. वस्तू आहे, तिची जागा गेली. स्वयंपाकघराच्या दाराची असती तर आजीचा हात रोज वीस वेळा लागलेली बिजागरी म्हणून ठेवली असती. आता ती कागदांवर वजन म्हणून ठेवतो.

म्हणून तुमचं पहिलं काम नोंद. अर्थ नंतर लावू. सगळं जागच्या जागी असताना फोटो घ्या: आधी लांबून, खोलीचा कोपरा दिसेल असा, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. खोलीचा साधा नकाशा काढा, त्यावर आकडे घाला, आणि तेच आकडे निघालेल्या लाकडावर खडूनं लिहा. डबा फळीमागे कसा होता, आडवा की उभा, त्यावर धूळ किती होती, आठवतंय तोवर आजच लिहून काढा. हे बारकावे आत्ता फालतू वाटतील. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयात १९५० च्या दशकापासून एक वेगळीच नोंद ठेवली जाते. जुन्या घरांच्या भिंतींत, धुराड्यांत, जमिनीच्या फळ्यांखाली लपवलेले जोडे सापडतात, त्यांची ही नोंद. जून स्वान नावाच्या तिथल्या अभ्यासक बाईंनी ती सुरू केली. बहुतेक जोडे झिजलेले, एकेकटे, बरेचसे लहान मुलांचे. ते का ठेवले, हे ठेवणाऱ्यांपैकी कुणीही लिहून ठेवलेलं नाही. अभ्यासकांच्या हातात आहे ती फक्त जागा: धुराड्याजवळ, दाराच्या वर, फळीखाली. जोडा काढणाऱ्यानं जागा सांगितली नाही तर उरतो एक फाटका जोडा.

आता भिंत काय सांगते ते बघू, कारण ती तुमच्या ग्रुपपेक्षा जपून बोलते.

बुजवलेल्या विटांचा सांधा बघा. मूळ भिंतीत विटा एकमेकींत दात घालून बसतात. नंतर भरलेल्या भागाच्या कडेला सरळ उभी फट असते. मग सांध्यातला माल नखानं किंवा खिळ्यानं ओरखडा. चुन्याचा असेल तर भुगा पडेल. सिमेंट असेल तर खिळाच घसरेल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि मऊच राहतो, म्हणून चुन्यातली वीट अख्खी सुटते. सिमेंट विटेपेक्षा कडक, तिथे आधी वीट फुटते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये घेतलं, पण घराघरांत ते पोचायला पुढे बराच काळ गेला. तुमची मूळ भिंत चुन्यात आणि भरणा सिमेंटमध्ये असेल, तर ते दार घर बांधून बऱ्याच काळानं बुजलंय. कपाटाच्या फळ्यांचे खिळेही टाकू नका. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले, त्याआधीचे चौकोनी आणि टोकाकडे निमुळते असत. फळीच्या मागच्या बाजूला करवतीच्या खुणा असतील. वाकड्या, धनुष्यासारख्या असतील तर लाकूड गोल पात्याच्या यंत्रावर कापलंय. सरळ पण कमी-जास्त अंतराच्या असतील तर दोन माणसांनी, एक वर एक खाली उभं राहून, हातानं.

तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की मुख्य तुळईवर सन कोरलेला आहे आणि भाऊ तोच घराचा सन मानतो. (पत्रात जागा नव्हती म्हणून ती ओळ वर गाळली, माफ करा.) त्याच ओळीत पुढे म्हणता, की तुळईत अशा दोन खोबण्या आहेत ज्यांत काहीच बसलेलं नाही. रिकामी खोबण म्हणजे त्या लाकडात पूर्वी दुसरं काहीतरी बसत होतं. ही तुळई आधी दुसऱ्या घरात होती, निदान शक्यता तरी दाट आहे. सन त्या घराचा असू शकतो. लाकडाचा सन आणि घराचा सन एकच असेल असं नाही, हे अभ्यासकांनाही लक्षात ठेवावं लागतं. ए. ई. डग्लस हा सूर्यावरच्या डागांमागे लागलेला खगोलशास्त्रज्ञ झाडांच्या खोडात वर्षागणिक एक वाढणारी वर्तुळं मोजू लागला. १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या अर्धवट जळक्या तुळईनं त्याच्या वर्तुळांच्या दोन तुटक साखळ्या जोडल्या, आणि तिथल्या पडक्या वस्त्यांना एकदम सन मिळाले. तरी सगळ्यात बाहेरचं वर्तुळ झाड कधी तोडलं एवढंच सांगतं. घर कधी उभं राहिलं ते त्यातून आपोआप निघत नाही, कारण माणसं चांगलं लाकूड फेकत नाहीत. तुमचा भाऊसुद्धा आज ते विकायला निघालाच आहे की.

आणि आता त्या रेघा.

ताई, रागावू नका, पण चार रेघांवरून तुम्ही सगळ्यांनी मिळून एक मूल जन्माला घातलंत, वर्षाचं केलंत, आणि संध्याकाळी जेवायच्या आत त्याला संपवलंतही. जरा मोजूया. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षभराच्या मुलाची मधली उंची ७५ च्या आसपास येते, म्हणून "वर्षाचं" हे गणित बरोबर वाटतं. पण हे मोजलंत फरशीपासून. फरशी कधी बसवली? तुमच्याच पत्रात आहे की चौकटीचे पाय फरशीच्या खाली चार इंच गेलेत आणि तिथे जुनी जमीन लागली. मोजलं जाणारं मूल त्या जुन्या जमिनीवर उभं होतं. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर वाढवा. झाले ८६. ही दोन वर्षांच्या मुलाची उंची आहे. हेच वडिलांच्या रेघांना लावा. तीन फुटांच्या थोडं खाली म्हणजे ८८ धरू. त्यात दहा मिळवले की ९८, तीन वर्षं ओलांडलेलं मूल.

काकांच्या आणि आत्यांच्या रेघा अगदी खालपासून आहेत. सगळ्यात थोरल्या मुलाच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच तेवढ्या तिसऱ्या वर्षानंतर सुरू होतात. पहिल्या मुलाला मोजायची हौस सगळ्यात जास्त असते आणि पुढे ती कमी होत जाते. इथे उलटं कसं? एक अक्षर दोन वर्षांच्या उंचीवर थांबतं, दुसरं त्याच्या वर सुरू होतं आणि दोघांच्या रेघा कुठेच एकमेकींत मिसळत नाहीत. वडिलांना लहानपणी घरात कुठल्या नावानं हाक मारायचे? लाडाचं नाव शाळेच्या नावाआधी येतं, आणि शाळेचं नाव आलं की कधीकधी घरातलं पुसलंही जातं. चौथं मूल हे बहुधा पहिलंच मूल आहे.

बहुधा म्हणालो. हाही तर्कच आहे, फक्त तुमच्या तर्काहून कमी दुःखाचा आणि मोजपट्टीला थोडा जास्त धरून. तो पाहुण्यांचा मुलगा असू शकेल, शेजारची मुलगी असू शकेल, आणि तुमच्या ग्रुपला वाटतं तेही असू शकेल. दार बुजायला तर दुःख लागतच नाही. दारावरचं आडवं लाकूड वाकलं की बुजवतात. खोल्या वाटल्या की बुजवतात. घरातल्या मोठ्या होत चाललेल्या मुलीला कडी लावता येईल अशी खोली आणि एक कपाट हवं असतं, तेव्हाही बुजवतात. माझा कल या शेवटच्या कारणाकडे आहे. कपाट कुठल्या बाजूला उघडत होतं, ते बघा.

रेघांवर आणखी काही दिसतंय का म्हणून रंग खरवडू नका. दिवे घालवा आणि टॉर्च चौकटीला अगदी लागून, बाजूनं तिरपी धरा. पेन्सिल दाबून ओढलेली असेल तर नुसता खळगाही उठून दिसेल. रंगाच्या थराखाली पेन्सिल असेल तर अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यात ती दिसू शकते, कारण ग्राफाइट म्हणजे कार्बन, आणि तो ते किरण शोषतो. जुनी चित्रं तपासणारे हेच करतात. आज खरवडलंत तर ती सोय कायमची गेली. शिवाय जुन्या तैलरंगात शिसं असायचं. सुका रंग पॉलिशपेपरनं घासला की ती धूळ फुप्फुसात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधते. त्या खोलीत नातवंडं आणू नका. झाडायचं असेल तर आधी पाणी शिंपडा, आणि अंगावरचे कपडे घरी वेगळे धुवा. छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडून खाली टाकायचे नाहीत. ओले करून, अख्खे, आणि ते काम जाणणाऱ्या माणसांकडूनच उतरवायचे.

भावाला काय सांगाल? भावनेचं सांगू नका, तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याला सांगा की मशीननं पाडलेल्या घराचा राडारोडा होतो आणि हातानं उतरवलेल्या घराचं सामान होतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरानं २०१६ मध्ये, १९१६ मध्ये किंवा त्याआधी बांधलेली राहती घरं हातानंच उतरवायची सक्ती केली, ती काही हळवेपणातून नव्हे. लाकूड पुन्हा वापरात यावं आणि विषारी धूळ शेजाऱ्यांच्या घरात जाऊ नये, हे हिशेब त्यामागे होते. तुमच्या विटा चुन्यातल्या निघाल्या तर त्या अख्ख्या सुटतील. तुळया न कापता, पाचरा ठोकून काढल्या तर लांब लाकूड हाती लागेल, आणि लांब लाकडाला तुकड्यांपेक्षा गिऱ्हाईक बरं मिळतं. रेघांची चौकट मात्र विकायच्या ढिगात जाता कामा नये. सुताराला सांगा, ती करवतीनं कापायची नाही. कोपऱ्यातल्या लाकडी खुंट्या मागून ठोकून बाहेर काढायच्या, उभं लाकूड आडवं धरून न्यायचं, आणि रेघांवर आधी मऊ कापड, मग पुठ्ठा बांधायचा. वॉर्निश, पॉलिश काही नको. ओल्या फडक्यानंसुद्धा पुसू नका, पेन्सिल हातासरशी जाते.

राहिला डबा. तुमच्या पत्रात तो शेवटी आलाय. मला वाटतं, तोच आधी यायला हवा होता.

चुलतभाऊ त्याला "सापडलेली पत्रं" म्हणतो. पण बघा ना: कपाट आत्याच्या खोलीत उघडायचं, डबा वरच्या फळीमागे, वरच्या पाकिटावर आत्याचं नाव, आणि गाठ मारलेली. दार बुजल्यानंतर, कपाट झाल्यानंतर, तिथे हात पोचणारी एक मुलगी त्या खोलीत राहत होती. ती पत्रं हरवलेली नव्हती. ती ठेवलेली होती, आणि ठेवणारी व्यक्ती तुम्हाला फोन करून बोलली आहे. "ते दार तसंच असू द्या" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी त्या चौथ्या मुलाला जोडलंत, कारण तुम्ही तेव्हा रेघांकडे बघत होतात. आत्या फोटोत काय बघत होत्या? फोटोत वरची फळी दिसते का, एकदा बघा. मला वाटतं दिसत असणार.

वर मी म्हणालो, सगळ्याची नोंद करा. हे सोडून. डब्याचा बाहेरून एक फोटो पुरे, तोही ग्रुपवर नाही. गाठ सोडू नका. सर्वांत वरच्या पाकिटावरचं नाव वाचलंत ते वाचलंत, खालची चाळू नका, तारखाही नाही. चुलतभाऊ म्हणेल, इतक्या वर्षांनी काय फरक पडतो. ज्यांची पत्रं आहेत त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना फरक पडतोय, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलंय. त्या जाळतील, हसतील, किंवा तुम्हाला शेजारी बसवून वाचून दाखवतील. यातलं काहीही झालं तरी ते तुमच्या हातात नाही, आणि नसलेलंच बरं.

डबा गंजलेला असेल तर घासू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमटपणा धरला तर कागद चिकटतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, आणि तसा कागद आतल्या आम्लानं पिवळा पडून घडीवर तुटतो. तेव्हा डबा उभा-आडवा हलवत नेऊ नका, मांडीवर सपाट ठेवून न्या. स्वतः जा. कुरिअरनं पाठवू नका, आणि चुलतभावाला बरोबर नेऊ नका.

जायच्या आधी फोन करा, पण मुलाचा विषय काढू नका. वडिलांना लहानपणी काय म्हणायचे, हेही त्या दिवशी विचारू नका, तो प्रश्न पुढच्या भेटीला राहू द्या. एवढंच सांगा: "आत्या, कपाटाच्या वरच्या फळीमागे एक डबा होता, तो माझ्याकडे आहे. गाठ कुणी सोडलेली नाही. कधी आणू?" आणि मग त्या बोलेपर्यंत फोन कानाला धरून गप्प राहा.